खुंटी बसल्याचा आवाज

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. आमच्या गावाहून, गडमुडशिंगीहून, सायकलवरून जायचे आणि संध्याकाळी परत आले की आई त्यांच्या हातांना खोबरेल लावायची. मनगटापासून कोपरापर्यंत उडालेल्या वितळल्या लोखंडाच्या रसाचे बारीक डाग असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांचे हात असे असतात.

नव्वदच्या दशकात मी गावच्या हायस्कूलला होते. गणित बरं होतं. मी इंजिनिअरिंगला जावं ही कल्पना आमच्या गणिताच्या सरांची. आबांना ते पटवायला सर आमच्या घरी येऊन पाटावर बसले, चहा प्याले आणि म्हणाले की मुलीला शिकवा, बाकीचं मी बघतो. आबांनी विचारलं, "शिकून ही कुठं बसणार?" सर म्हणाले, "खुर्चीवर बसंल की." त्या एका शब्दावर आबांनी मला शिकवलं. पुढची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती, हे मला नंतर कळलं.

मी मेकॅनिकल घेतलं, आणि तिथंच आबांचा पहिला हिरमोड झाला. ज्या लोखंडातून पोरीला बाहेर काढायचं, तिनं त्याच लोखंडाची पदवी घेतली. पदवी झाली तरी नोकरी लागेना. मुलाखतीत साहेब लोक चांगलं बोलायचे आणि शेवटी विचारायचे की रात्रपाळी कशी करणार, शॉपवर सगळे पुरुष आहेत. मग माझ्या मामानं मला त्याच्या गॅरेजात बोलावलं. उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याचं जुनं गॅरेज होतं, जीप आणि टेम्पोच्या कामाचं. माझं काम फोन घेणं, बिलं करणं, स्पेअर पार्ट मागवणं. खुर्ची मिळाली, पण आबांना हवी होती ती ही नव्हती. त्यांना बँकेची परीक्षा हवी होती. त्यासाठीचा क्लासही त्यांनी पाहून ठेवला होता.

मला मात्र इंजिनात हात घालायचा होता. बिल करता करता मी उठून इंजिनापाशी जायची. तिथं मिस्त्री असायचे. मामाच्या गॅरेजची सगळी मदार त्यांच्यावर. आवाज असा की पलीकडच्या लेथवाल्याला पत्ता सांगायला त्यांना रस्ता ओलांडावा लागत नसे. मला ते 'इंजिनेरीण बाई' म्हणायचे. मी जवळ गेले की म्हणायचे, "आल्या बगा. आता इंजिन घाबरून आपोआप चालू हुतंय." मी इंजिनात डोकावले की विचारायचे, "पुस्तकात हितं काय लिवलंय?" रागावून उपयोग नव्हता, कारण ते मामालाही असंच बोलायचे.

हे सांगायला हवं की आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. कॉलेजात बाहेरून आलेल्या मुली त्याला हसायच्या, म्हणून चार वर्षांत मी 'जाते, करते' शिकले. गॅरेजात मी तसंच शुद्ध बोलायची. मिस्त्री त्याची नक्कल करायचे आणि सगळं गॅरेज हसायचं.

दोन हजारचं दशक अर्ध्याच्या पुढं सरकलं होतं. रस्त्यावर नव्या तऱ्हेच्या गाड्या दिसू लागल्या होत्या, पण आमच्या दारात त्या येत नसत. एका दसऱ्याच्या आधी आजऱ्याच्या एका काजू कारखानदारांची गाडी दोरीला बांधून आमच्याकडं आली. पेट्रोल इंजिन, वर दोन कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे. टायमिंग बेल्टचे दात खाल्ले होते, टेन्शनरचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचं, बेअरिंग खरखरत होतं. गाडीला अजून दोन वर्षंही झाली नव्हती, पण उतारावर असा आवाज आला की पाहुण्यांनी, आमच्याकडं गिऱ्हाइकालाही पाहुणेच म्हणतात, गाडी तिथंच उभी केली. आधीच्या एका गॅरेजनं त्यांना सांगितलं होतं की हे इंजिन इथं कुणाला जमणार नाही. मामाच्या एका ओळखीच्यानं त्यांना आमच्याकडं धाडलं.

टायमिंग बेल्ट म्हणजे काय, ते मी आईला समजावलं होतं तसंच सांगते. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर व्हॉल्व्ह उघडमीट करतात. पिस्टन वर येताना व्हॉल्व्हनं वाटेतून बाजूला असलं पाहिजे. दोघांची ही चाल एका दातेरी पट्ट्यानं बांधलेली असते. पट्टा एक-दोन दात इकडंतिकडं बसला तर गाडी दमते. जास्त चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतो, आणि मग इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावा लागतो. या नव्या इंजिनात आणखी एक भानगड होती. एका कॅमची पुली अखंड नव्हती. बाहेरचं दातेरी कडं वेगळं आणि आतला भाग वेगळा. तेलाच्या दाबानं आतला भाग कड्याच्या थोडा पुढंमागं सरकायचा, म्हणजे व्हॉल्व्ह कधी लवकर उघडायचा, कधी उशिरा. गाडी हळू असताना एक चाल, जोरात असताना दुसरी. इंजिन थांबलं की आतला भाग मूळ जागी येतो आणि स्प्रिंगची एक बारीक खुंटी भोकात बसून त्याला धरून ठेवते. कॉलेजात या विषयाचा एकच तास झाला होता. तो मला आवडला होता.

मामा ती गाडी परत पाठवणार होता. मी म्हणाले, मी करते. मिस्त्री हसले नाहीत, एवढं मला आठवतं. त्यांना ती पुली बघूनच कंटाळा आला होता.

मामानं त्याच संध्याकाळी आबांना बोलावून घेतलं. मी बिलं करत होते, पण कान तिकडंच होते. आबा म्हणत होते की बँकेच्या क्लासची बॅच सुरू होणार, आता नाही तर कधीच नाही. मामा म्हणाला, "दाजी, एक इंजिन तिच्या एकटीच्या हातानं हू दे. जमलं तर ती हितंच ऱ्हाईल, आनी मी तिला बिलाला बशिवणार न्हाय. न्हाय जमलं तर मी सोता तिला क्लासला सोडून येतो."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. झालं, तेवढ्यावर सगळं ठरलं.

मी काम सुरू केलं. बेल्ट काढायच्या आधी, प्रत्येक गॅरेजात करतात तसं, पुल्यांवर आणि त्यांच्यामागच्या झाकणावर समोरासमोर खुणा केल्या. खडूची खूण पुसते म्हणून मी घरून लाल नेलपेंट आणलं होतं. मिस्त्र्यांना तेवढं पुरलं. "बाईचा हात लागला, इंजिनाची बी नखं रंगली," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते. खुणा झाल्यावर मी जुना बेल्ट उतरवला आणि क्रँक, म्हणजे पिस्टनांचा खालचा दांडा, थोडा मागं फिरवून ठेवला, म्हणजे चुकून कॅम हलला तरी व्हॉल्व्हला पिस्टन लागू नये. काम सरळ होतं. नवा बेल्ट खुणेला खूण जुळवून चढवायचा. पण टेन्शनर पुण्याहून यायचा होता, आणि तो येईपर्यंत खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, पकडी, सगळं धुऊन मांडायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्या घरी हे नव्हतं. आम्ही बौद्ध, आमच्याकडं दसरा म्हणजे पांढरे कपडे आणि विहार. पण मिस्त्री वर्षातून तेवढ्याच दिवशी अंघोळ करून वेळेवर यायचे, आणि मामा म्हणायचा की हत्यारं त्यांच्या हातातली, पूजाही त्यांची. मीही पान्यांना फुलं वाहू लागले. गॅरेजात जे जे यंत्र उघडं होतं त्याला हळदकुंकू लागलं आणि झेंडूची माळ पडली. माझ्या इंजिनाला सगळ्यात मोठी माळ. मिस्त्र्यांनी दोन्ही पुल्यांवर कुंकवाची बोटं ओढली, आणि मला वाटलं, हा मान आहे.

तो मानच होता. त्यात काही वाईट मनात असतं तर पुढचं सांगायला सोपं गेलं असतं.

दसऱ्याला सकाळी मी पोचले तेव्हा टेन्शनर आला होता. आजऱ्याचे पाहुणेही एसटीनं येऊन बसले होते. त्यांना संध्याकाळी सोनं लुटायच्या आत घरी पोचायचं होतं. मिस्त्र्यांनी माझ्या आधी येऊन हत्यारं उचलली होती आणि इंजिन स्वच्छ करून ठेवलं होतं. कुंकवाची पूड बेल्टच्या वाटेत राहिली तर बेल्टला खाईल, ही काळजी त्यांची. तेलात कालवलेलं कुंकू नुसत्या फडक्यानं निघेना, म्हणून त्यांनी थिनर घेतलं होतं.

थिनरनं कुंकू गेलं. नेलपेंटही गेलं.

पुल्या चकचकीत होत्या. एकही खूण नव्हती. शिवाय पुसताना कॅम जागचे हललेही होते, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कायम ढकलत असतात आणि बेल्ट नसला की त्याला धरणारं कुणी नसतं. मिस्त्र्यांनी माझं तोंड पाहिलं, मग पुली पाहिली, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. ते म्हणाले की दोन्ही लाल, नेलपेंटचं ध्यानातच राहिलं नाही, त्यांना वाटलं सगळं कुंकूच.

मामा मला बाजूला घेऊन म्हणाला की ही तुझी चूक नाही, गाडी दुसरीकडं नेऊ, ठरलेलं पुन्हा बघू. मला रडू येत होतं आणि मला ते त्याच्यासमोर यायला नको होतं. मी म्हणाले की खुणांशिवाय टायमिंग लावता येतं. खुणा ही आपली सोय होती, इंजिनाची नाही.

हे मी नुसतं धाडसानं म्हणाले नव्हते. दोन्ही कॅमच्या मागच्या टोकांना खाचा होत्या, त्या मी आधी पाहिल्या होत्या. पहिला पिस्टन अगदी वर असताना त्या खाचा एका रेषेत येतात आणि त्यात एक पट्टी घातली की दोन्ही कॅम बरोबर जागी अडकतात. कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात मोठ्या वर्कशॉपला होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, हो, पट्टीच घालतात, कंपनीची मिळते. कोल्हापुरात दसऱ्याच्या दिवशी कंपनीची पट्टी कुठली. पण उद्यमनगरात लोखंडाची पट्टी ही काही अडचण नाही. पलीकडच्या लेथवाल्यांनी पूजेची फुलं बाजूला केली, मी खाचेचं माप दिलं, आणि त्यांनी एक जाड पट्टी घासून दिली. खाचेत अशी गेली की हलली नाही.

कॅम पाना लावून सावकाश फिरवले, पट्टी घातली, मग पहिला पिस्टन वर आणला. बेल्ट चढवला. टेन्शनर ताणला. मग पट्टी काढून, प्लग काढलेलं इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. हा नियम आहे. किल्ली मारायच्या आधी इंजिन हातानं फिरवून परत त्याच जागी आणायचं आणि पुन्हा तपासायचं. हातानं फिरताना व्हॉल्व्ह अडला तर हात थांबतो, स्टार्टर थांबत नाही.

कुठं अडलं नाही. मी पट्टी घालायला गेले. एक खाच सरळ होती. दुसरी, त्या दोन भागांच्या पुलीच्या कॅमची, किंचित तिरपी. पट्टी जाईना.

मी पुन्हा दोन फेरे दिले. तेवढीच तिरपी.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा आवाज परत आला होता. म्हणाले, "एवढ्या तेवढ्यानं काय हुतंय? नवा बेल्ट हाय. चार मैल पळाला की बसंल की."

हे वाक्य आमच्याकडं सगळीकडं आहे. दार लागत नाही, पावसाळा गेला की बसेल. चप्पल चावते, बसेल. सून रुसली आहे, बसेल. आणि खोटं नाही, पुष्कळदा बसतंही. मिस्त्र्यांनी वीस वर्षांत कितीतरी जीपा अशा 'बसंल की' म्हणून सोडल्या होत्या आणि त्या बसल्या होत्या. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. दुपारनंतर शाही दसऱ्याच्या सोहळ्यासाठी दसरा चौकाकडचे रस्ते बंद होणार होते. मामाही म्हणाला की एकदा चालू करून तर बघू, हातानं फिरलंय म्हणजे व्हॉल्व्ह तर वाकणार नाही.

त्याचं खरं होतं. इंजिन चालू झालं असतं. थोडं थरथरलं असतं, चढाला कमी ओढलं असतं, पाहुणे आजऱ्याला पोचले असते. ठरलं होतं ते 'इंजिन चालू झालं तर' असं होतं की 'बरोबर झालं तर', हे कुणी त्या दिवशी मला विचारलं नसतं. पण मला माहीत होतं की पट्टी गेली नव्हती.

मी म्हणाले, "चालू न्हाय करायचं. मी खोलतो परत."

'खोलतो' म्हणाले. चार वर्षांचं शुद्ध एका दमात गेलं. मिस्त्री नक्कल करायला तोंड उघडून तसेच राहिले, कारण नक्कल करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाहुणे उठले. ते चिडले नाहीत, पण मामाला म्हणाले की मुलीला येत नसेल तर तसं सांगा. मिस्त्री म्हणाले, "आवं इंजिनेरीण बाई, हट्ट करू नका. कशाला जुळल्यालं मोडताय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा दारात उभे आहेत. विहारातून थेट आले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात खिरीचा डबा. मी घरी येत नाही म्हणून आईनं धाडलं होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. आपली बाजू जिंकायला ते नुसते गप्प राहिले असते तरी पुरलं असतं.

त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि मिस्त्र्यांना विचारलं, "काय बसंना म्हंती ती?"

मिस्त्र्यांनी पट्टी दाखवली, खाच दाखवली, फरक किती तो बोटांच्या चिमटीनं दाखवला. आबांनी पट्टी हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. तीस वर्षं त्यांनी साचे भरले होते.

"आमच्यात कास्टिंगला बारीक भोक पडलं तर लांबी भरून रंग मारणारी बी मानसं हायत," ते म्हणाले. "गाडीत बसून जाणारा वेगळाच असतोय. खोलू दे तिला."

मी पाना उचलला.

बेल्ट सैल करताना मी विचार करत होते. पट्टी घातली होती तेव्हा दोन्ही कॅम बरोबर होते, क्रँक बरोबर होता, बेल्ट दातावर दात होता. फिरवल्यावर एकच कॅम सरकला. बेल्ट घसरला असता तर दोन्ही सरकले असते. म्हणजे सरकणारी वस्तू बेल्ट आणि कॅम यांच्या मध्ये होती. मध्ये फक्त ती पुली होती. पण इंजिन थांबलं की तिची खुंटी बसते, असं मी शिकले होते.

मी पाहुण्यांना विचारलं, "काका, गाडी आपोआप बंद पडली का तुम्ही केली?"

"मीच केली की. उतारावर जोरात हुतो. खालनं खर्रकन आवाज आला. भ्यालो आनी तसाच किल्ली फिरवून बंद केली."

"चालत असतानाच?"

"व्हय. मग काय करायचं पोरी, देवाचं नाव घ्यायचं?"

मिस्त्री हसले. मीही हसले, कारण मला सापडलं होतं. इंजिन जोरात असताना पुलीचा आतला भाग पुढं सरकलेला असतो. गाडी हळू होऊन थांबली तर तो मागं येऊन बसतो. यांनी जोरातच गळा दाबला. पुली अर्ध्या वाटेत राहिली, खुंटी भोकाबाहेर. तेव्हापासून तशीच. मी कॅम बरोबर लावला, पण बाहेरचं कडं चुकीच्या जागी असताना त्यावर बेल्ट चढवला. हातानं फिरवताना कॅम ओढला गेला आणि पुली आपल्या मूळ जागेकडं गेली. तिनं आपलं काम केलं, मी तिला उशिरा विचारलं.

पुन्हा खुंटी भोकाबाहेरच राहिली असेल तर हा घोळ तसाच चालू राहणार होता, म्हणून आधी खात्री करायला हवी होती. बेल्ट उतरवला, कॅम पाना लावून जागी आणले, पट्टी घालून ते अडकवले. आता कॅम हलणार नव्हता. दोन्ही हातांनी मी पुलीचं बाहेरचं कडं धरलं आणि ते फिरायच्या दिशेनं वळवलं. आत तेल होतं म्हणून जड वळत होतं, गूळ ढवळावा तसं. मिस्त्री म्हणाले, द्या इकडं, मी फिरवतो. मी नाही म्हणाले. 'एकटीच्या हातानं' असं ठरलं होतं. माझ्या मनगटात कळ आली. मी तशीच धरून राहिले. कडं आणखी केसभर गेलं.

टक् झालं.

फार बारीक आवाज. डबीचं झाकण बसावं एवढा. पण गॅरेज तेव्हा इतकं शांत होतं की सगळ्यांनी तो ऐकला. मी कडं पुढं ढकललं, हललं नाही. मागं ओढलं, हललं नाही.

"बसली," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच भूतकाळात ऐकला.

मग बेल्ट चढवला, टेन्शनर ताणला, पट्टी काढली, दोन फेरे. पट्टी पुन्हा घातली. ती खाचेत गेली आणि पलीकडच्या खाचेतही गेली, अंगठ्यानं ढकलली तेवढ्यावर. मी ती बाहेर काढली आणि खात्रीसाठी पुन्हा दोन फेरे देऊन परत घातली. पाहुणे आता घड्याळ बघत नव्हते. ते खाली वाकून पट्टी बघत होते.

प्लग लावले, झाकणं लावली. किल्ली मीच फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. थरथर नव्हती. मिस्त्र्यांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, ही त्यांची जुनी परीक्षा, आणि पाण्यात नुसती सुरकुती उठली. ते पेल्याकडं बघत राहिले. मग तो उचलून त्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाले, "असली दुसरी गाडी आली तर मला बी दाखवा ती खुंटी. आज तुमचा हात मधी हुता, काय दिसलं न्हाय."

मामानं पाहुण्यांबरोबर रंकाळ्यापर्यंत चक्कर मारली. परत आला तो पाहुण्यांना म्हणाला की इंजिनाचं पुढं काही विचारायचं असलं तर मला फोन करू नका, हिला करा. पाहुणे निघून गेले तेव्हा दुपार कलायला लागली होती. रस्ते बंद व्हायच्या आत ते शहराबाहेर पडले असावेत.

मी हात धुतले. थिनरनं धुतले, मग साबणानं. नखांच्या कडांना काळं राहिलंच. आबा आणि मी बाकावर बसून खीर खाल्ली. मिस्त्र्यांनाही दिली. आबांनी क्लासचं काही काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मला मनातून वाईट वाटत होतं. त्यांनी आयुष्यभर एका खुर्चीसाठी सायकल मारली होती आणि आज ती खुर्ची त्यांनीच माझ्यापासून दूर सरकवली होती. आभार मानावेत असं वाटलं. पण आमच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, आणि पांढऱ्या सदऱ्याला तेलाचा हात लावायचा धीरही झाला नाही.

आम्ही गावच्या बसनं परत निघालो. सणाची गर्दी होती. आमच्याच गल्लीतले एक काका पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून आबांना विचारलं, "पोरगी लागली का बँकेत?"

आबांनी मांडीवरचा रिकामा डबा माझ्या पिशवीत ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले. "इंजिनाचं काम करती."

"हापिसात?"

"हापिसात कशाला? इंजिनात."

काकांनी माझ्या हातांकडं पाहिलं. मी ते पिशवीखाली लपवणार होते. आबांचे डाग पडलेले हात शेजारीच त्यांच्या मांडीवर उघडे होते. मी माझेही तसेच राहू दिले.